दादासाहेब खापर्ड्यांची साक्ष

न्यायालयात साक्षीपुराव्यावर युक्तिवाद चालला असताना एक जुना निवाडा आजही पुढे केला जातो: बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित, प्रिव्ही कौन्सिल, १९१५. त्यातलं तत्त्व समजायला सोपं आहे. एखाद्या साक्षीदाराला त्याच्याच जुन्या कागदावरून खोटं पाडायचं असेल, तर तो कागद उलटतपासणीत त्याच्यापुढे ठेवा आणि त्याला खुलासा करू द्या. पिंजऱ्यात असताना त्याला काही विचारायचं नाही आणि निकालपत्रात मात्र त्याच्या अब्रूला डाग लावायचा, हे न्यायाला धरून नाही.

निवाड्याला नाव टिळकांचं आहे. पण ज्यांची अब्रू त्या खटल्यात पणाला लागली होती, त्यांत अमरावतीचा एक वकीलही होता. गणेश श्रीकृष्ण खापर्डे. वऱ्हाडात त्यांना दादासाहेब म्हणत, आणि त्यांच्या दिलदार राहणीमुळे वऱ्हाडचे नवाबही म्हणत. आजचं हे व्याख्यान त्यांच्याविषयी आहे. टिळकांचे उजवे हात म्हणून त्यांच्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. इथे जास्त बोलायचं आहे ते मुफस्सल कोर्टातल्या वकिलाविषयी, त्याच्या घराविषयी आणि त्याने चार महिने शिर्डीतल्या ज्या मशिदीच्या पायरीशी काढले त्या मशिदीविषयी.

दादासाहेबांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ चा, वऱ्हाडातल्या इंगरोळीचा. गणेश चतुर्थीला जन्मले म्हणून नाव गणेश. वडील श्रीकृष्णपंत गरिबीतून वर येऊन सरकारी नोकरीत चढत गेले. मुलाला त्यांनी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात पाठवलं. गणिताने त्याला छळलं, संस्कृतने मात्र कायमचं आपलंसं केलं. १८७७ साली बी. ए., १८८४ साली एलएल. बी. पुढची काही वर्षं वऱ्हाडात मुनसफ आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी चाकरी, आणि १८९० मध्ये राजीनामा देऊन अमरावतीत वकिली.

हा राजीनामा त्या काळी लहान गोष्ट नव्हती. वऱ्हाड तेव्हा निजामाचा मुलूख, पण कारभार इंग्रजांचा, कागदोपत्री 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. अशा प्रांतात हिंदी माणसाला न्यायाधीशाची खुर्ची म्हणजे पिढ्यांचा मान. ती सोडून समोरच्या बाकावर बसायचं, अशिलाची वाट पाहायची. पण अमरावती कापसाचं गाव होतं. पिकाबरोबर पैसा यायचा आणि पैशाबरोबर सावकारी, गहाणखतं, वाटण्या, दत्तकविधानाचे तंटे आणि मारामाऱ्या. वकिलाला काम कमी नव्हतं. शिवाय या गावची बार साधी नव्हती. रंगनाथ नरसिंह मुधोळकर इथलेच, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. मोरोपंत जोशीही इथलेच. मुधोळकर नेमस्त, खापर्डे जहाल. एकाच कोर्टाच्या आवारात वावरणारी ही माणसं संध्याकाळी सभेत एकमेकांविरुद्ध बोलत. १८९७ साली काँग्रेस अमरावतीला भरली, शंकरन नायर अध्यक्ष होते, तेव्हा स्वागताध्यक्ष दादासाहेब होते. एवढ्याशा गावाने राष्ट्रसभेचा पाहुणचार करायचा तर तो वकिलांच्याच जिवावर.

दादासाहेबांचं बोलणं ऐकायला लोक मुद्दाम येत. विनोद त्यांच्या जिभेवर होता, इंग्रजी आणि मराठी दोन्हींवर हुकूमत होती, आणि संस्कृत वचन नेमक्या जागी पेरायची हौस होती. नाटकाचं वेडही होतं. १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच. हा माणूस बोलण्यावर जगत होता, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

आणि घर. अमरावतीतल्या वाड्यात कुटुंबाखेरीज शिकायला ठेवलेली मुलं असत. नातेवाईक, आश्रित, स्वयंपाकी, गडी, घोड्यांचे मोतद्दार असत. शिवाय आलेगेले. राजकारणात पडलेल्या माणसाकडे पंगत उठतच नसते. तिचा भार लक्ष्मीबाईंवर होता. त्यांच्याविषयी छापील मजकूर फार थोडा आहे. जो आहे तो बहुतेक शिर्डीच्या संदर्भात, आणि तोही इतरांनी सांगितलेला. मात्र दादासाहेबांचं आयुष्य नीट वाचलं की दिसतं, त्यांचं प्रत्येक धाडस या बाईच्या स्वयंपाकघरावर उभं आहे.

आता त्या खटल्याकडे. पुण्याचे सरदार बाबा महाराज ऑगस्ट १८९७ मध्ये पटकीने गेले. मरताना त्यांनी मृत्युपत्र केलं आणि विश्वस्त नेमले. त्यांत टिळक होते आणि खापर्डे होते. टिळकांवर तेव्हा राजद्रोहाचा पहिला खटला चालू होता, ते नुकते जामिनावर सुटले होते. मरणाऱ्या मित्राला शब्द दिला गेला. बाबा महाराजांची पत्नी ताई महाराज गरोदर होती. मुलगा झाला आणि काही महिन्यांत गेला. मृत्युपत्राप्रमाणे आता दत्तक घ्यायचा होता. जून १९०१ मध्ये विश्वस्तांनी ताई महाराजांना औरंगाबादला नेलं, तिथल्या भाऊबंदांपैकी जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला गेला. पुण्याला परतल्यावर ताई महाराजांचं मन फिरवलं गेलं आणि त्यांनी कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला.

इथून जे सुरू झालं ते चौदा वर्षं चाललं. टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली, १९०४ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. दिवाणी दावा खालच्या कोर्टात जिंकला, हायकोर्टात हरला. हायकोर्टाने नुसता दत्तक अमान्य केला नाही. एका तरुण विधवेला कोंडून, दडपून हे कारस्थान रचलं, असा ठपका त्या प्रतिष्ठित माणसांवर ठेवला. खापर्डे त्यांतले. विचार करा, जिल्ह्याच्या गावात वकिली करणाऱ्या माणसाची पुंजी ती काय? त्याचा शब्द. सकाळी तोच शब्द घेऊन तो न्यायाधीशापुढे उभा राहतो. आणि इथे उच्च न्यायालय म्हणत होतं की हा माणूस शपथेवर खोटं बोलला. १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचा दत्तक खरा ठरवला आणि तो ठपका पुसला. सुरुवातीला सांगितलेलं तत्त्व त्यातलंच. साक्षीदाराची किंमत काय असते, हे दादासाहेब आयुष्यभर इतरांच्या उलटतपासण्या घेऊन शिकले होते. ती आपल्या अंगावर घेण्याचा अनुभव या खटल्याने दिला.

मधल्या काळात मोठं वादळ आलं. २२ जुलै १९०८ ला न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. महिन्याच्या आत दादासाहेब विलायतेच्या बोटीवर होते. प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपील करायचं, ते फसलं तर पार्लमेंटातल्या लोकांना भेटायचं, वर्तमानपत्रांत लिहायचं. वय चोपन्न. दोन वर्षांहून जास्त ते तिकडे राहिले. अपील फेटाळलं गेलं. परतताना रंगूनवरून मंडालेला जाऊन त्यांनी तुरुंगातल्या टिळकांची भेट घेतली आणि १९१० च्या अखेरीला अमरावतीला आले. वकिलाने दोन वर्षं सनद गुंडाळून ठेवली की अशील दुसऱ्याची पायरी चढतो, त्यात अशिलाचा दोष नसतो. वाड्यातल्या चुली मात्र तेवढ्याच पेटत राहतात.

या थकलेल्या, हरलेल्या, सरकारच्या डोळ्यांत सलणाऱ्या वकिलाने ५ डिसेंबर १९१० ला साईबाबांची शिर्डी गाठली. अमरावतीहून मनमाड, मनमाडहून कोपरगाव आणि पुढे टांगा. ही पहिली भेट आठवड्याभराची. बाबांच्या चरित्रात, साईसच्चरितात, हेमाडपंतांनी १० डिसेंबर १९१० हा दिवस मुद्दाम नोंदला आहे: त्या दिवशी खापर्ड्यांना घरी जायची बाबांची परवानगी मिळाली आणि त्याच दिवसापासून चावडीत शेजारती सुरू झाली. दुसरी भेट खरी मोठी, ६ डिसेंबर १९११ ते १५ मार्च १९१२. बरोबर लक्ष्मीबाई आणि मुलगा बळवंत.

या मुक्कामाची दादासाहेबांनी रोजनिशी ठेवली. रोजनिशी लिहिणं त्यांचं नेहमीचंच होतं, शिर्डीसाठी वेगळी वही केली नाही. लिहीत इंग्रजीत. पुढे हा भाग 'साईलीला' मासिकातून छापला गेला आणि भक्तांच्या घरोघर पोचला. पण तो वाचताना भक्तिग्रंथ वाचल्यासारखं वाटत नाही. सकाळी किती वाजता उठलो, काकड आरतीला गेलो की उशीर झाला, साई महाराज बाहेर जाताना दिसले, परत येताना दिसले, मशिदीत काय बोलले, दुपारच्या आरतीनंतर काय वाचलं, रात्री भीष्म नावाच्या भक्ताचं भजन झालं. माणसं येतात आणि जातात: माधवराव देशपांडे, बापूसाहेब जोग, काकासाहेब दीक्षित, उपासनी. एकत्र बसून पंचदशी वाचली जाते. बळवंताची प्रकृती बरी नाही. कुणाचं पत्र आलं. अनेक दिवसांची नोंद तर जवळजवळ सारखीच असते.

ही जबानी आहे. वकिलाला ठाऊक असतं की साक्षीदार आपण काय पाहिलं ते सोडून आपल्याला काय वाटलं ते सांगू लागला की त्याचा पाय घसरतो. म्हणून दादासाहेब बाबांचं बोलणं कळलं तेवढंच लिहितात, आणि नाही कळलं तर तसंही लिहितात. बाबा बोलत ते कोड्यात. कुठल्या जन्मातली गोष्ट, कुठला वाणी, कुठली विहीर. दुसरा कुणी असता तर त्यावर टीका-टिप्पणी करून ग्रंथ वाढवला असता. दादासाहेब ऐकलेलं टिपतात आणि पुढच्या ओळीत जेवणाची वेळ लिहितात. त्यामुळे जेव्हा तोच माणूस एका दिवशी लिहितो की बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदा पाहायला मिळावं म्हणून इथे वर्षानुवर्षं राहिलं तरी चालेल, तेव्हा ते वाक्य अंगावर येतं. अतिशयोक्ती न करणाऱ्याची ती अतिशयोक्ती असते.

एक नोंद सरकारच्या भीतीची आहे. लाटसाहेब भाला घेऊन आला होता, आपण त्रिशूळ घेऊन त्याच्याशी झुंजलो आणि त्याला वाटेला लावलं, असं बाबा म्हणाले. गोष्ट लक्ष्मीबाईंशी झालेल्या बोलण्यातली. टिळक मंडालेत, त्यांचा सोबती शिर्डीत, आणि त्याच्यावर पाळत. कोणत्याही दिवशी वॉरंट येईल अशा घरातली बाई हे ऐकत असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल? दादासाहेब ते लिहीत नाहीत. ते फक्त नोंद करतात की असं बोलणं झालं.

आता त्याच काळातली साईसच्चरितातली गोष्ट. खापर्ड्यांच्या धाकट्या मुलाला ताप भरला, ताप ग्रंथिज्वराचा. आई घाबरली. संध्याकाळी बाबा फेरीला निघाले तेव्हा थरथरत्या आवाजात तिने सांगितलं, आम्हाला अमरावतीला जाऊ द्या. बाबांनी तिला धीर दिला, आभाळ आलंय ते जाईल, आणि आपली कफनी वर करून सगळ्यांना दाखवलं: अंड्याएवढ्या चार गाठी. तुमचं दुखणं मी घेतलं. श्रद्धा असो वा नसो, प्लेगने त्या वर्षांत महाराष्ट्रातली घरं कशी रिकामी केली हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या आईच्या आवाजातली थरथर कळते. आणि हेही दिसतं की बाबांकडे मागणं मांडलं ते आईने. वकिलाच्या घरात त्या दिवशी वकीलपत्र तिच्याकडे होतं.

शिर्डीतून निघायला परवानगी लागे. वकिलासाठी ही अवघड अट. त्याचं आयुष्य तारखेवर चालतं. पुकारा झाला आणि वकील हजर नसला तर अशील बुडतो. नाशिकचे वकील भाऊसाहेब धुमाळ निफाडच्या खटल्याला निघाले होते, वाटेत दर्शनाला उतरले. बाबांनी जाऊच दिलं नाही, आठवडाभर ठेवून घेतलं. इकडे निफाडच्या मॅजिस्ट्रेटला पोटदुखी झाली, काम तहकूब झालं, आणि पुढे तो अशील निर्दोष सुटला. हीही सच्चरितातलीच गोष्ट. धुमाळांचा तो आठवडा कसा गेला असेल हे ज्याने कधी तारीख चुकवली आहे त्यालाच समजेल. दादासाहेबांनीही पुनःपुन्हा परवानगी मागितली, ती पुनःपुन्हा पुढे गेली. कोर्ट उघडं, अशील खोळंबलेले, घरचा खर्च चालू. ते थांबले.

आणि गप्प राहिले. हेमाडपंतांना याचं फार आश्चर्य वाटलं. सच्चरितात ते सांगतात की शिर्डीला कितीतरी शहाणी, मोठी माणसं आली, पण बाबांसमोर पूर्ण मौन धरून बसणारे तिघेच: खापर्डे, नूलकर आणि बुट्टी. तात्यासाहेब नूलकर पंढरपूरचे सबजज्ज, बापूसाहेब बुट्टी नागपूरचे धनिक. एक वकील, एक न्यायाधीश, एक सावकार. काँग्रेसच्या मांडवात हजारोंना हसवणारा, लंडनमध्ये खासदारांना पटवणारा माणूस मशिदीत खांबाला टेकून बसतो आणि काही बोलत नाही.

नूलकरांवरून आणखी एक आठवण सांगायलाच हवी, कारण ती साऱ्या वकीलवर्गाला लागू आहे. नूलकर प्रकृतीसाठी शिर्डीत येऊन राहिले, तेव्हा पंढरपूरच्या बाररूममध्ये चर्चा रंगली. शिकलेला जज्ज, औषध सोडून फकिराच्या नादी लागतो, हे काय? पुढे त्याच बाररूममधला एक वकील शिर्डीला आला, नमस्कार करून दक्षिणा ठेवून कोपऱ्यात बसला. बाबा बोलले ते असं की लोक पाया पडतात, दक्षिणा देतात आणि पाठीमागे निंदा करतात. कुणालाच अर्थ लागला नाही. त्या वकिलाला लागला. त्याने काकासाहेब दीक्षितांपाशी कबुली दिली आणि यापुढे कुणाची निंदा करणार नाही असं ठरवलं. बाररूममध्ये बसलेला वकील इतकं ठरवू शकला, याचं मोल वकिलांना जास्त कळेल.

सच्चरिताच्या ज्या अध्यायात दादासाहेबांचं मौन आलं आहे, त्याच अध्यायात लक्ष्मीबाईंची कहाणी आहे. दुपारी त्या नैवेद्याचं ताट घेऊन मशिदीत आल्या. सांजा, पुऱ्या, भात, वरण, खीर. एरवी बाबा ताटाकडे तासतासभर पाहत नसत. त्या दिवशी लगेच उठले, झाकण काढलं आणि जेवू लागले. माधवराव देशपांड्यांनी, म्हणजे शामाने, विचारलंच, इतरांची ताटं बाजूला सारता आणि हिच्यावर एवढी मर्जी का? बाबांनी त्या बाईचे मागचे जन्म सांगितले: वाण्याची दुभती गाय, मग माळ्याच्या घरात, मग क्षत्रिय, मग आणखी काही, आता ब्राह्मण. फार दिवसांनी भेटली, म्हणाले, दोन घास प्रेमाने खाऊ द्या. नंतर त्या पाय चेपत असताना त्यांनी तिला 'राजाराम' म्हणत राहायला सांगितलं. नवऱ्याला मौन मिळालं आणि तिला नाम.

हेमाडपंत एक हिशेब देतात: शिर्डीत दादासाहेब चार महिने राहिले, त्यांचं कुटुंब सात महिने. म्हणजे ते कोर्टाकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई मागे राहिल्या. ज्या घराचा डोलारा त्या सांभाळत होत्या ते घर तीन महिने त्यांच्याशिवाय चाललं. आजवर नवऱ्याच्या देशकार्यासाठी घराने झळ सोसली होती. या वेळी घराने घरच्या बाईसाठी सोसली. दादासाहेबांच्या सगळ्या चरित्रात सर्वांत मोकळा, सर्वांत प्रेमाचा निर्णय हाच वाटतो, आणि त्यांनी त्याबद्दल कुठे भाषण केलेलं नाही.

पुढची वर्षं भराभर सांगता येतील. होमरूलची चळवळ, १९ मे १९१७ ला टिळकांना घेऊन शिर्डीला जाणं, दिल्लीच्या कायदेमंडळात रौलट बिलांना विरोध, मग कौन्सिल ऑफ स्टेट. टिळक १९२० मध्ये गेले. गांधीजींच्या असहकारावर दादासाहेबांचा विश्वास बसला नाही, आणि एकेकाळी ज्यांच्या नावावर सभा भरत ते हळूहळू बाजूला पडले. १९२८ साली लक्ष्मीबाई गेल्या. त्यानंतर दहा वर्षं, १ जुलै १९३८ पर्यंत, ते एकटे राहिले. मुलगा बाळकृष्ण वकील झाला होता. वडिलांचं चरित्र त्यानेच लिहिलं. ते १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं.

रोजनिशीच्या वह्या आज दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. टिळकांचं राजकारण अभ्यासणारा माणूस तिथे सुरतची काँग्रेस, लंडन आणि मंडाले शोधत जातो आणि पान उलटता उलटता त्याला काकड आरती आणि बळवंताचं दुखणं भेटतं. साईभक्त शिर्डीचे महिने शोधत जातो आणि त्याच्या हाती कोर्टाच्या तारखा लागतात. अक्षर दोन्हीकडे एकच आहे.